थरथरता हात आणि पुन्हा पाहिलेले पत्ते: घरगुती पोकरमधल्या एका फोल्डचा अभ्यास

पार्श्वभूमी

सहा जणांचा ठरलेला गट, आठवड्यातून एक बैठक, खेळ नो-लिमिट टेक्सास होल्डेम: प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच सामाईक पत्ते, आणि बेटला वरची मर्यादा नाही. पैसे लावले जात नाहीत. प्रत्येकाला सुरुवातीला 200 चिप्स मिळतात, ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स) 1 आणि 2 असतात, आणि बैठक संपली की कोणाकडे किती चिप्स उरल्या ते वहीत लिहिलं जातं. ही वही महत्त्वाची आहे. गमवायला काहीच नसलेल्या खेळात लोक "बघू तरी काय आहे" म्हणत सर्रास कॉल करतात, म्हणजे समोरच्याने लावल्या तेवढ्या चिप्स टाकून डावात राहतात. अशा टेबलावर वागण्यातून फारसं काही वाचता येत नाही, कारण ताण कोणावरच नसतो. या गटात वहीतल्या आकड्यांची सगळ्यांना खरीखुरी फिकीर आहे, त्यामुळे मोठी बेट लावताना माणसं बदलतात.

ओळख झाकण्यासाठी नावांऐवजी टेबलावरच्या हाका वापरल्या आहेत. फोल्ड करायचं (पत्ते टाकून डाव सोडायचा) की नाही, हा निर्णय ज्याला घ्यावा लागला तो दादा. समोर होते काका.

काकांची खेळायची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. बरेच डाव खेळायचे, रेझ (बेट वाढवणं) क्वचित करायचं, कॉल मात्र सढळ हाताने. चांगले पत्ते आले की बेट लहान, साधारण पॉटच्या (डावात जमलेल्या चिप्सच्या) निम्मी, कारण समोरचा पळून जाईल ही धास्ती. खेळताना अखंड बोलणं. आणि एक गोष्ट अशी, जी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणी हिशोबात धरली नव्हती: त्यांचा उजवा हात थोडा थरथरतो. ब्लाइंडच्या दोन चिप्स पुढे सरकवतानाही आणि पाण्याचा पेला उचलतानाही.

दादा अभ्यासू खेळाडू. समोरच्याच्या वागण्यावरून पत्त्यांचा अंदाज कसा बांधतात याबद्दल त्याने बरंच वाचलेलं होतं, आणि मोठी बेट लावताना हात थरथरला तर पत्ते बहुधा भक्कम असतात हा नियम त्याच्या मनात पक्का बसला होता.

डाव कसा घडला

दादाकडे 240 चिप्स, काकांकडे 210. दादा बटणावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी), हातात किलवर एक्का आणि चौकट राणी. काका बिग ब्लाइंडवर, म्हणजे 2 चिप्स आधीच लावलेले. बाकीच्यांनी पत्ते टाकले, दादाने 6 ला रेझ केलं, स्मॉल ब्लाइंड गळाला, काकांनी आणखी 4 टाकून कॉल केला. पॉट 13.

फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते): बदाम राणी, बदाम नव्वी, किलवर चव्वी. काकांचा चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे. दादाची सगळ्यात वरची जोडी झाली होती आणि सोबतीला एक्का होता. त्याने 8 लावले, काकांनी गप्पा न थांबवता कॉल केला. पॉट 29.

टर्न (चौथा सामाईक पत्ता): बदाम दुर्री, म्हणजे बोर्डावर, टेबलावरच्या उघड्या पत्त्यांत, तिसरं बदाम. इथे काकांनी हातचे दोन्ही पत्ते कडेने उचलून पुन्हा पाहिले, खाली ठेवले आणि चेक म्हणाले. दादाने 15 लावले. काकांनी थोडा वेळ घेतला आणि कॉल केला. पॉट 59.

रिव्हर (पाचवा, शेवटचा पत्ता): इस्पिक सत्ती. पत्ता उलटल्यावर दोन-तीन सेकंदांतच काकांनी 60 चिप्स पुढे सारल्या. स्वतःहून, चेक न करता, अख्ख्या पॉटएवढी बेट. चिप्स ठेवताना हात स्पष्ट थरथरत होता. बेट लावल्यावर दोन्ही हात एकमेकांत गुंफून ते बोर्डाकडे बघत बसले. बोलणं बंद.

पेच

गणित आधी पाहू. दादाला 59 चा पॉट आणि काकांचे 60, म्हणजे 119 चिप्स मिळवण्यासाठी 60 टाकायच्या होत्या. 60 भागिले 179 म्हणजे साधारण 33.5 टक्के. काका तीनात एकदा तरी ब्लफ करत (पत्ते कमकुवत असताना बेट लावून घाबरवत) असतील तर कॉल बरोबर, त्याहून कमी वेळा करत असतील तर फोल्ड बरोबर.

आता काकांकडे काय असू शकतं? या बोर्डावर स्ट्रेट (सलग पाच पत्ते) बनूच शकत नाही. दादाला हरवणारे मुख्य हात म्हणजे नव्व्यांची तिकडी (3 प्रकारे), चव्व्यांची तिकडी (3 प्रकारे), राणी-नव्वी अशा दोन जोड्या (दादाकडे एक राणी आणि बोर्डावर एक, म्हणून 6 प्रकारे) आणि बदामचा फ्लश (पाचही पत्ते बदामचे). फ्लशची गोष्ट वेगळी. बोर्डावरची तीन बदामं सोडून दहा उरतात, त्यातली कुठलीही दोन 45 प्रकारांनी येऊ शकतात. काका खेळतील असे त्यातले निम्मे धरले तरी 22.

फसलेल्या हातांत सगळ्यात मोठा गठ्ठा गुलाम-दश्शीचा. फ्लॉपवर दोन्ही टोकांनी उघडा असलेला स्ट्रेट ड्रॉ, म्हणजे एकाच पत्त्याने अपुरा स्ट्रेट, राजा किंवा अठ्ठी आली की पूर्ण. दोन्ही पत्ते बदाम असलेला प्रकार वगळला तर असे 15. त्याखेरीज एकच मोठं बदाम घेऊन बसलेले काही हात धरता येतात, पण ते बाजूला ठेवू.

फ्लश धरला तर हरवणारे हात 12 अधिक 22, म्हणजे 34. कॉल परवडण्यासाठी सतराहून जास्त ब्लफ हवेत, आणि गुलाम-दश्शीचे सगळेच्या सगळे धरूनही 15 च होतात. फोल्ड. फ्लश वगळला तर हरवणारे 12, लागणारे ब्लफ सहा-सात. काकांनी पंधरापैकी निम्म्या वेळा ब्लफ केला तरी भागतं. कॉल.

सगळा निर्णय असा एकाच प्रश्नावर येऊन ठेपला: काकांकडे बदामची दोन पानं आहेत की नाहीत?

दादासमोरच्या खुणा

एकूण चार गोष्टी दिसल्या होत्या, आणि त्यांचं वजन सारखं नव्हतं.

पहिली, टर्नवर पत्ते पुन्हा पाहणं. आमच्या मते या डावातली सगळ्यात मोलाची खूण हीच. ज्याच्या हातात एकाच रंगाचे दोन पत्ते असतात त्याला तो रंग लक्षात असतो, विशेषतः फ्लॉपवर त्याच रंगाची दोन पानं आल्यावर. तो तिसऱ्याची वाटच बघत असतो. पुन्हा बघायची गरज पडते ती ज्याचे पत्ते दोन वेगळ्या रंगांचे असतात त्याला. आपल्याकडे गुलाम आणि दश्शी आहेत हे त्याला माहीत असतं, पण त्यातलं एखादं बदाम आहे का हे आठवत नाही. म्हणून तिसऱ्या बदामानंतरची ती नजर तयार फ्लशच्या विरोधात जाते. चुकीचा अर्थ निघण्याच्या दोन वाटा आहेत. काही जण सवयीने प्रत्येक टप्प्यावर पत्ते बघतात, आणि सराईत खेळाडू मुद्दाम बघण्याचं नाटक करतात. काकांची तशी सवय नव्हती, आणि नाटक हा त्यांचा पिंड नाही.

दुसरी, बेटचा आकार. चांगल्या हातावर निम्मा पॉट लावणारा माणूस अचानक पूर्ण पॉट लावतो, तेही स्वतःहून. समोरच्याने जावं अशी इच्छा त्यात दिसते. घरगुती खेळात बेटचा आकार चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतो, कारण चेहऱ्यावर ताबा ठेवायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, आकड्यांवर ठेवायचा असतो हे थोड्यांनाच सुचतं.

तिसरी, बेट लावल्यानंतरची शांतता. मोठी बेट लावून माणूस सैल पडला, बोलता राहिला, खुर्चीत मोकळा हलत राहिला तर तो बहुधा निश्चिंत असतो. ब्लफ करणारा स्वतःकडे लक्ष जाऊ नये म्हणून आक्रसतो. ही खूण एकटी कच्ची आहे, कारण नवखे खेळाडू मोठ्या पॉटमध्ये चांगल्या पत्त्यांवरही गोठतात. पण अखंड बोलणारे काका गप्प झाले होते, आणि त्यांच्यापुरता तो मोठा फरक होता.

चौथी, थरथरता हात. दादाचं सगळं लक्ष इथे होतं. या नियमामागे कारण आहे: पत्ते भक्कम बनले, पॉट मोठा झाला की अॅड्रेनलिन वाढतं आणि बेट लावण्याच्या क्षणी ते बोटांतून दिसतं. ब्लफ करणारा उलट स्वतःला आवळून धरतो. पण नियमाला पूर्वअट आहे. एरवी स्थिर असलेला हात थरथरला पाहिजे. वय, औषधं, जास्त कॉफी, थंडी किंवा जन्मजात सवय यांमुळे जो हात नेहमीच हलतो, त्याच्या हलण्यातून पत्त्यांबद्दल शून्य माहिती मिळते.

हातांकडे बघणं मुळात चूक नाही. 2013 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या होत्या. ज्यांना फक्त चिप्स सरकवणारे हात दिसत होते त्यांचा पत्त्यांबद्दलचा अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा बरा निघाला. ज्यांना फक्त चेहरा दिसत होता त्यांना ते जमलं नाही. तिथे कामी आला तो हालचालीतला सहजपणा. तोही पाहायचा तर त्या माणसाचा हात एरवी कसा चालतो हे आधी ठाऊक हवं.

तोललेले पर्याय

रेझ हा पर्याय लगेच बाद होतो. काकांकडे बेटनंतर 121 चिप्स उरल्या होत्या. दादाने सगळं लावलं असतं तर गुलाम-दश्शी गळाली असती आणि तिकडी किंवा फ्लशने कॉल केला असता. वाईट हात घालवायचे आणि चांगले ठेवून घ्यायचे, यात फायदा कुठेच नाही.

उरले कॉल आणि फोल्ड. तिसराही एक पर्याय होता जो घरगुती टेबलावर सहज मिळतो आणि बहुतेक जण वाया घालवतात: वेळ घेणं आणि बोलणं. डावात दोघेच उरले होते, त्यामुळे बोलल्याने तिसऱ्या कोणाचं नुकसान नव्हतं. "काका, मागे किती उरले?" एवढा साधा प्रश्न पुरतो. उत्तरातल्या आकड्याला महत्त्व नाही, उत्तर कसं येतं ते बघायचं. मोजून, सहज, वर एखादं वाक्य जोडून येतं, की हात न हलवता तुटक येतं? काकांसारख्या बोलक्या माणसाबाबत हा फरक ऐकू आला असता.

काय केलं आणि काय झालं

दादाने काही विचारलं नाही. साधारण वीस सेकंद तो काकांच्या हाताकडे आणि पुढ्यातल्या चिप्सकडे बघत राहिला आणि पत्ते टाकले. नंतर त्याने सांगितलेला विचारक्रम असा: तिसरं बदाम टर्नवर आलं, रिव्हरवर मोठी बेट आली, हात थरथरतोय, म्हणजे फ्लश. पत्ते पुन्हा पाहिल्याचं त्याला दिसलं होतं, आठवतही होतं. पण त्याने त्याचा अर्थ "बदाम आलं म्हणून खुशीने पाहिलं" असा लावला.

काकांनी आपणहून पत्ते उलटले: बदाम गुलाम, इस्पिक दश्शी. ड्रॉ फसलेला, हातात साधी जोडीसुद्धा नाही. दादाच्या या डावात 29 चिप्स गेल्या, आणि 119 चा पॉट समोर गेला.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. काकांनी तिकडी दाखवली असती तरी या विचारक्रमातला दोष तसाच राहिला असता. फोल्ड चुकला तो ब्लफ निघाला म्हणून नव्हे. जी खूण काहीच सांगत नव्हती तिला सर्वाधिक वजन दिलं आणि जी प्रश्नाचं थेट उत्तर देत होती तिचा अर्थ उलटा लावला, दोष तिथे आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी टर्नवर. काकांनी पत्ते पाहिले त्याच क्षणी दादाने मनात एक वाक्य नोंदवायला हवं होतं: "फ्लश नाही, एखादं बदाम असेल." खुणेचा अर्थ ती दिसते तेव्हाच ठरवून ठेवावा. रिव्हरवर 60 चिप्सचं ओझं डोक्यावर असताना मागच्या खुणा आठवायला गेलं की माणूस त्यांना ताज्या भीतीला जुळेल असा अर्थ देतो. इथे नेमकं तेच झालं.

टर्नवरच्या 15 च्या बेटबद्दल गटात नंतर वाद झाला. ती लहान होती, 22 ते 25 लावायला हवे होते, असं काहींचं म्हणणं. गणित थोडं वेगळं सांगतं. काकांकडे बदाम गुलाम होता, त्यामुळे नऊ बदामं आणि बदाम सोडून राजे-अठ्ठ्यांची सहा पानं, अशी पंधरा पानं त्यांना जिंकवत होती. दादाचे पत्ते धरून न दिसलेली पानं 44, म्हणजे संधी 34 टक्के. 15 च्या बेटवर त्यांना 25 टक्के पुरत होते, 22 च्या बेटवर 30. दोन्ही वेळा कॉल रास्त. हातात एकही बदाम नसलेल्या गुलाम-दश्शीला मात्र आठच पानं उरतात, 18 टक्के, आणि तिच्यासाठी 15 चा भावही महाग पडतो. थोडी मोठी बेट चांगली ठरली असती हे मान्य, कारण काका असे कॉल करतातच. पण डाव तिथे हातचा गेला नाही.

रिव्हरवर खुणांचा क्रम असा हवा होता: आधी पत्त्यांची गोष्ट जुळते का, मग बेटचा आकार त्या माणसाच्या सवयीशी जुळतो का, मग वेळ आणि बोलणं, आणि शरीर सर्वांत शेवटी. गणित एका बाजूला स्पष्ट झुकलेलं असेल तर शरीराच्या खुणेने निर्णय फिरवू नये. काठावरचा निर्णय असेल तिथेच तिला मत द्यावं.

आणि बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासाचा उपयोग. आपण पत्ते टाकलेले असतात तेव्हा बहुतेक जण फोन काढतात. तोच काळ नेहमीचं वागणं टिपण्याचा असतो: ब्लाइंड टाकताना हात कसा आहे, लहान पॉटमध्ये बेट लावायला किती वेळ लागतो, काही पणाला नसताना आवाज कसा आहे. एका वेळी एकाच खेळाडूवर लक्ष ठेवलं तरच हे जमतं. दादाने त्या संध्याकाळी काकांना एकदा जरी ब्लाइंड टाकताना नीट पाहिलं असतं, तर रिव्हरवर हाताकडे बघायची गरज पडली नसती.

पुढे काय बदललं

दादाने नोंदी ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: प्रसंग (कोणता टप्पा, पॉट किती, बेट किती), वागणं (अर्थ न लावता, फक्त दिसलं ते) आणि दाखवलेले पत्ते. पत्ते उघड झाले नाहीत तर नोंद धरायची नाही. नोंद टेबलावर लिहायची नाही, घरी गेल्यावर लिहायची.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती माहीत असलेली बरी. यशस्वी ब्लफ सहसा कोणी दाखवत नाही. समोरचा पत्ते टाकतो आणि ब्लफ न उघडता गठ्ठ्यात जातो. त्यामुळे वहीत चांगल्या हातांच्या नोंदी जास्त आणि ब्लफच्या कमी जमतात, आणि वही नुसती वाचली तर "हा माणूस कधी ब्लफ करतच नाही" असं वाटू लागतं. दादाने म्हणून वेगळा एक आकडाही ठेवला: काकांनी रिव्हरवर पॉटएवढी बेट लावली आणि पत्ते न दाखवता पॉट घेतला, असं किती वेळा झालं.

थरथरीबद्दल त्याने काकांना किंवा इतर कोणालाही काही म्हटलं नाही, आणि ते योग्यच झालं. माणसाच्या शरीराची ठेवण हा टेबलावरच्या चर्चेचा विषय नव्हे. पत्ते उचलून बघण्याच्या सवयीबद्दलही तो गप्प राहिला, पण गटातल्या दुसऱ्या एकाने दोन-तीन बैठकांनंतर ती मोठ्याने बोलून दाखवली. तेव्हापासून काका टर्नला प्रत्येक वेळी पत्ते उचलून बघतात, रंग कोणताही असो. दादाने ती नोंद खोडून टाकली. बेटच्या आकाराबद्दल मात्र अजून कोणी बोललेलं नाही, आणि चांगला हात आला की काका आजही निम्मा पॉटच लावतात.